गाडीच्या पोटाखालची वीत

आपल्याकडे एसयूव्ही घेणाऱ्याला विचारावं, एवढी उंच गाडी कशाला? तर उत्तर ठरलेलं... "रस्ते बघितलेत का?" बरोबरच आहे. पण हीच गाडी घरी आल्यावर सहा महिन्यांत खाली बसवून घ्यायला निघालेली मंडळीही हल्ली दिसतात. स्प्रिंगा बदलायच्या, नाहीतर (अरे देवा!) कटरने कापायच्या, गाडी दीड-दोन इंच खाली आणायची, चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट ठेवायची... झाली गाडी 'लोअर'. उंचीसाठी जादा पैसे मोजायचे आणि ती उंची घालवायलाही पुन्हा पैसे मोजायचे! ज्याची त्याची हौस म्हणून एरवी मी सोडूनही दिलं असतं. पण रोज चालवायच्या गाडीला, आणि तीही आमच्या विंझरच्या रस्त्यावरच्या, हा प्रकार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे जरा सविस्तर लिहायचंय. चहा घेऊन बसा.

निमित्त अर्थातच घरचं. आमचा पुतण्या विंझरला राहतो आणि नोकरीला शिरवळला जातो. रोज जाऊन-येऊन. ज्यांनी विंझर पाहिलं नाही त्यांच्यासाठी : पुण्याहून सातारा रस्त्याला लागा, खेड शिवापूर मागे टाका, चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलात की नसरापूर. पुढे आंबवणे, मार्गासनी आणि मग वेल्ह्याच्या अलीकडे आमचं विंझर. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अर्धं पुणं या रस्त्यावर असतं, सोमवारी खड्डे आमच्या वाट्याला. पुतण्याची गाडी म्हणजे सेकंडहँड घेतलेली डिझेल स्कॉर्पिओ, सव्वा लाख किलोमीटर झालेली. तिला आता तो चार सेंटिमीटर खाली घेणार म्हणतोय. (हे तो वाचणार आहे. वाच बाबा, आणि मग फोन कर.)

आणि मला गप्प बसवत नाही, कारण मी बत्तीस वर्षं भोसरीत स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली. स्प्रिंग म्हटलं की माझी जीभ सैल सुटते, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. लग्नकार्यात माझ्या शेजारी बसायला लोक टाळतात.

पोरगं हुशार आहे, नुसतं "भारी दिसतं" म्हणून थांबत नाही. (दिसतं भारीच, त्यात वाद नाही. उंच गाडी उभी राहिल्यासारखी वाटते आणि खाली घेतलेली दबा धरून बसल्यासारखी.) त्याचा पहिला मुद्दा घाटाचा. वळणावर गाडी झुलते, खाली घेतली की कमी झुलेल, उलटण्याचा धोका कमी होईल. यात तथ्य आहे. ढोबळ हिशेब सांगतो. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर धरा. अंतराचं निम्मं भागिले उंची, म्हणजे ७५ भागिले ७०, आले १.०७. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी आडवी व्हायला नाखूष. चार सेंटिमीटर खाली आणली की ७५ भागिले ६६, म्हणजे १.१४. सहा टक्क्यांचा फायदा झाला, तो मी नाकारत नाही. पण पाबे घाटात पावसाळ्यात, धुक्यात, समोरचं वळण दिसत नसताना जो सावकाश चालवतो त्याला या सहा टक्क्यांची गरज पडत नाही, आणि जो सुसाट जातो त्याला ते पुरत नाहीत.

दुसरा मुद्दा ऐकून मात्र मी खूश झालो. म्हणाला, "काका, गाडीखाली सगळ्यात खाली लटकतं ते मागच्या एक्सलचं डिफरन्शियल. ते तर चाकांच्या दांड्यावरच आहे. स्प्रिंग छोटी केली तरी ते जिथे आहे तिथेच राहणार. मग क्लिअरन्स कुठे कमी झाला?" अगदी बरोबर! सलग दांड्याचा मागचा एक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंगच्या खाली असतो. तो खाली-वर होणार टायरच्या मापाने, स्प्रिंगच्या नाही. पण इथेच गोम आहे. तो गोळा चाकांच्या रेषेत असतो. चाक उंचवट्यावर चढलं की तोही वर उचलला जातो. घासतं ते चाकांच्या मधलं पोट, म्हणजे चेंबर, गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पाइप, चासीचा आडवा पट्टा. हे सगळं स्प्रिंगच्या वर बसलेलं आहे आणि ते पूर्ण चार सेंटिमीटर खाली येतं.

आता गतिरोधकाकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं एक प्रमाण माप आहे. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. हा गतिरोधक म्हणजे ऐसपैस उशी. आपली गाडी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत साधारण २.७ मीटर, म्हणजे ती अख्खी त्या उशीवर मावते. गाडी बरोबर मध्यावर असताना चारही चाकं गतिरोधकावरच असतात, आणि दोन चाकांमधल्या भागात गोलाईचा फुगवटा निघतो जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. (२.७ चा वर्ग भागिले ८ गुणिले १७. करून बघा.) म्हणजे पोटाखाली सहा-सात सेंटिमीटर असले तरी अशा गतिरोधकावरून तुम्ही सहीसलामत जाल! सगळे गतिरोधक असे असते तर मी पुतण्याला म्हणालो असतो, कर बाबा तुला काय करायचं ते.

पण आपल्याकडचे गतिरोधक कसे बनतात? कुणाचं तरी कोंबडं नाहीतर वासरू गाडीखाली येतं, गावकरी चिडतात, आणि रात्रीतून हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा वरवंटा रस्त्यावर आडवा पडतो. त्याला ना पांढरे पट्टे ना पाटी. त्यावरून पुढची चाकं उतरली की ती सपाट रस्त्यावर असतात, मागची अजून सपाटच असतात, आणि मध्ये पोटाखाली तो अख्खा वरवंटा. तिथे गोलाई वगैरे काही कामाला येत नाही. वरवंटा पंधरा सेंटिमीटरचा असेल तर पोटाखाली पंधराच्या वर हवेत, संपला विषय. मी पुतण्याची गाडी टेपने मोजली. रिकामी उभी असताना मधल्या आडव्या पट्ट्याखाली साडेएकोणीस. मग घरातली सात माणसं बसवली आणि मागे तांदळाची दोन पोती टाकली (वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं काहीतरीच"), तर सोळा. यातून चार वजा केले की उरतात बारा. आमच्या रस्त्यावर गतिरोधकाखेरीज पाइपलाइनसाठी खोदून नीट न बुजवलेल्या चाऱ्या आहेत, मोऱ्यांवरचे उंचवटे आहेत, आणि डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथे पावसाने धुऊन नेलेला वीतभर खोल कडा. समोरून एसटी आली की त्या कड्यावरून एका बाजूची चाकं उतरवावीच लागतात.

हे झालं घासण्याचं. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न स्प्रिंगच्या हालचालीचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. खड्ड्यातून किंवा दगडावरून जाताना चाक वर येतं तेव्हा त्याला वर यायला काही जागा दिलेली असते. ती संपली की रबराचा ठोकळा लागतो, ज्याला बंप स्टॉप म्हणतात. धरा की ही जागा आठ सेंटिमीटर आहे. गाडी चार सेंटिमीटर खाली आणलीत म्हणजे ती निम्मी झाली. चाकाला बसलेला धक्का तेवढाच, पण तो पचवायला अंतर निम्मं. साधा हिशेब आहे, निम्म्या अंतरात तोच धक्का थोपवायचा तर जोर दुप्पट लावावा लागतो. म्हणून चांगल्या कंपन्यांच्या लोअरिंग स्प्रिंगा मुद्दाम कडक केलेल्या असतात आणि त्यांना जुळणारे शॉकअप वेगळे घ्यावे लागतात. नुसती स्प्रिंग बदलून जुनेच शॉकअप ठेवले तर ते आपल्या दांड्याच्या भलत्याच भागात काम करत राहतात आणि लवकर गळायला लागतात.

आणि कापलेल्या स्प्रिंगबद्दल तर काय सांगू! आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की उरलेली सात वेढ्यांची स्प्रिंग आठाला सात या प्रमाणात कडक होते, म्हणजे चौदा टक्के. शिवाय कारखान्यात शेवटचा वेढा बैठकीत नीट बसावा असा केलेला असतो, तो गेला. कापताना गॅसकटर वापरला असेल तर त्या ठिकाणचं पोलादाचं पाणीही उतरलं. मोठ्या खड्ड्यात चाक खाली लोंबकळलं की अशी स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. आमच्या तपासणी खात्यात अर्ध्या मिलिमीटरच्या फरकासाठी अख्खा लॉट परत गेलेला मी पाहिलाय, आणि इथे नाक्यावरचा पोरगा डोळ्यांच्या अंदाजाने वेढा उडवतो.

तिसरा मुद्दा त्याने इंटरनेटवरून शोधून आणला. "कंपनीने स्वतःच केलं होतं काका!" हेही खरं आहे, आणि गोष्ट गमतीदार आहे म्हणून सांगतो. २८ फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी एसयूव्हीवरचा अबकारी कर २७ टक्क्यांवरून ३० टक्के केला. आता एसयूव्ही म्हणजे काय, हे सरकारला ठरवावं लागलं. लांबी ४ मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठं आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. म्हणजे गाडीची जात ठरणार पोटाखालच्या अंतरावर! मग महिंद्राने काय केलं, तर आपल्या पुणे जिल्ह्यातच चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ५०० चा क्लिअरन्स २०० वरून १६० मिलिमीटरवर आणला. गाडी चार सेंटिमीटर खाली आली आणि कराच्या कक्षेतून बाहेर गेली. पुढे फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तो कर २४ टक्क्यांवर आला. पण ते १७० मिलिमीटर काही गेले नाहीत. जीएसटीच्या सेसमध्ये ते तसेच आले. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने खुलासा केला की हे माप रिकाम्या गाडीचं धरायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस जाऊन मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी लागला, तरी युटिलिटी गाडीच्या व्याख्येत १७० आहेतच.

रिकाम्या गाडीचं माप! कर आकारायला ते ठीक असेल. पण विंझरमध्ये रिकामी एसयूव्ही मी फक्त गणपतीत आरतीच्या वेळी उभी पाहिलीये. आणि कंपनीने चार सेंटिमीटर कमी केले ते प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेच्या डोळ्यांदेखत, सगळी मापं पुन्हा नोंदवून. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचे कोन बदलतात, टायर आतून झिजतो, हेडलाइटचा झोत सरकतो. या सगळ्याचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला कोण विचारतंय?

कायद्याचं थोडक्यात आटपतो, कारण त्यात घोळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असे बदल करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल केले तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नसतो, त्यामुळे वकील मंडळी यावर दोन्ही बाजूंनी भांडू शकतील. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघेल तेव्हा हा वाद घालायची वेळ आपल्यावर यावी, असं मला वाटत नाही. असो.

खरं तर हे सगळं आकडेवारीचं पुराण मी लावलं ते शेवटच्या मुद्द्यासाठी. पुतण्या म्हणाला, "आजीला चढायला सोपं जाईल." इथे मी जरा गडबडलो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत. गाडीत चढवताना दुधाचा क्रेट उलटा ठेवावा लागतो, एकाने हात धरायचा आणि दुसऱ्याने मागून आधार द्यायचा. तिला याची लाज वाटते, म्हणून ती हल्ली "मी नाही येत, तुम्ही जा" म्हणते. या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला ती आली नाही त्याचं खरं कारण हे होतं, हे तिथे आलेल्यांपैकी बहुतेकांना माहीत नाही.

पण सीट जमिनीपासून ८४ सेंटिमीटरवर आहे. ती ८० वर आल्याने तिचं काय होणार? क्रेट लागणारच. उलट एकदा आत बसली की पाबे घाट असो वा नसरापूरचा रस्ता, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट तिच्या मणक्यात जाणार. म्हणजे जिच्या नावाने गाडी खाली घ्यायची तिलाच त्याचा सगळ्यात जास्त त्रास.

आणि ती एकटीच नाही. गेल्या आषाढात रात्री दीड वाजता वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. आमच्या वाडीच्या ओढ्यावर साधा फरशी पूल आहे. त्या रात्री पाणी ओसरत आलं होतं, तरी फरशीवर गाळ आणि वाहून आलेले दगड होते. पुतण्याने स्वतः पुढे चालत जाऊन टॉर्चने बघितलं, दोन धोंडे बाजूला केले, उरलेले पोटाखाली घेऊन गाडी पलीकडे काढली. पोरगी झाली. तिचं बारसं याच गाडीतून सगळे जाऊन झालं. एरवीही भाताची रोपं, गिरणीचं दळण, शाळेतली चुकलेली पोरं, तोरण्यावर पाय मुरगळलेला पुण्याचा कुणी ट्रेकर... वाडीत मधल्या घरापुढे उभी असलेली ही एकच मोठी गाडी. आरसीवर नाव पुतण्याचं आहे, हप्ते तो भरतो, डिझेल तो टाकतो. तरी ती उंची त्याच्या एकट्याच्या मालकीची आहे असं मला वाटत नाही. शिरवळला एकट्याने जाणाऱ्याला बारा सेंटिमीटर पुरतील कदाचित. दगड पोटाखाली घेऊन ओढा पार करणाऱ्या गाडीला नाही पुरणार, आणि वाडीतल्या लोकांना त्यावर मत द्यायला कुणी बोलावणार नाही.

गाडी खाली घेण्याची हौस ज्यांनी जगाला लावली त्या लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या मंडळींनी मात्र याचं झकास उत्तर काढलं होतं. १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. (तो २०२४ च्या १ जानेवारीपासून रद्द झाला.) तर १९५९ मध्ये रॉन अग्विरे नावाच्या तरुणाने गाडीत हायड्रॉलिक पंप बसवले. मिरवायला गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून वर! आजच्या महागड्या एसयूव्हीतलं एअर सस्पेन्शन जवळपास हेच करतं. माणसं चढायला खाली, रस्ता बिघडला की वर. म्हणजे पैसे असले की उंची कुणी कायमची टाकून देत नाही, ती हाताशी ठेवतो. आपल्या सेकंडहँड गाडीत ही चैन नाही, एकदा खाली गेली की गेली.

बरं, गाडी झुलते ही पुतण्याची तक्रार खोटी नाही. मी स्वतः चालवून बघितली. एका कोपऱ्यावर वजन टाकून सोडलं तर गाडी तीनदा वर-खाली होते, चांगला शॉकअप एकदाच होऊ देतो. मागचा डावा तर तेलाने ओला झालाय. सव्वा लाख किलोमीटरनंतर अजून काय होणार? पुढच्या लोअर आर्मची बुशंही फाटली आहेत. चारही शॉकअप कंपनीचेच, मूळ उंचीचे टाकायचे, बुशं बदलायची, अलाइनमेंट करायची. निम्मं झुलणं तिथेच जाईल, आणि खर्च चांगल्या लोअरिंग किटपेक्षा कमी. ते पैसे मी देतो असं मी त्याला सांगितलंय.

आईसाठी नसरापूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बिजागरीची पायरी करून घेतली आहे. खरखरीत पत्र्याची, फूटभर रुंद, जमिनीपासून २२ सेंटिमीटरवर येते आणि दार लावण्याआधी वर दुमडते. आतल्या खांबाला एक जाड हँडल. परवा ती त्यावरून कुणाचा हात न धरता चढली आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य बोलली, "एसी बंद करा." स्प्रिंगांचं म्हणाल तर पुतण्या "दिवाळीनंतर बघू" म्हणतोय. दिवाळीला मी विंझरला आहेच.